न पेरलेलं उगवतं तेव्हा

अगं, रिसालीच्या क्वार्टरमागच्या अंगणाचा फोटो पाहिला. पहिले दोन-चार पाऊस झाले की असंच होतं, काय काय उगवून येतं. लगेच सगळं खुरपून टाकू नकोस. आणि कुणी भाजी आहे म्हटलं म्हणून चिरायलाही घेऊ नकोस.

मिरची, टोमॅटो, वांगं यांची पहिली दोन पानं जवळजवळ सारखीच असतात. पुढची चार-पाच पानं येऊ दे, मग ओळख पटते. गाजरगवताला मात्र ही सवलत नाही. शेवंतीसारखी कातरलेली पानं आधी जमिनीलगत पसरतात. 1955च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. अंगाला खाज, परागांनी दम्याचा त्रास, शिवाय एका झाडाला हजारो बिया. पांढरी फुलं यायच्या आत, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपट.

आता त्या पिवळ्या फुलांच्या झाडाबद्दल नीट ऐक, कारण तुझी पोरं अंगणातच खेळतात. आपला टाकळा म्हणजे तुमच्या छत्तीसगडचा चरोटा. कोवळ्या पानांची भाजी तिकडे आवडीने खातात, तूही खा. पण त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा असतो. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. शेंगा लांब, बारीक, वाकलेल्या. कासविंद्याच्या जोड्या बहुधा चार-पाच, पानं टोकदार, शेंगा चपट्या आणि जवळजवळ सरळ. 2016 साली शेजारच्या ओडिशात, मलकानगिरीत, कितीतरी लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेक मृत्यूंचा संबंध तज्ज्ञांनी कासविंद्याच्या बियांशी जोडला होता. म्हणून सांगते, कासविंदा दिसला तर शेंगा धरायच्या आत काढून टाक. आणि दोन्हींत जरासुद्धा शंका वाटली तर ती भाजी पातेल्यात जाता कामा नये. शेजारच्या जुन्या जाणत्या बाईला झाड अंगणात उभं असतानाच दाखव. खुडलेल्या पानांवरून तीही फसू शकते.

धोतराही पोरांच्या हाताला लागू देऊ नकोस. त्याचं काटेरी फळ त्यांना खेळायला आवडतं, पण झाड सगळंच विषारी आहे.

कठड्याच्या भेगेत आलेला पिंपळ मला फोटोत दिसला. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं. तोडायला तुझं मन होणार नाही, माझंही झालं नसतं. पण वरून छाटलास तर तो पुन्हा फुटेल आणि मुळं भिंत फोडतील. आत्ता बोटभर आहे तोवर भेग भिजवून मुळासकट अलगद काढ, कुंडीत लाव, पुढे मोकळ्या जागी हलव. भेग लगेच सिमेंटने बुजव.

पपई राहू दे. फुलं येईपर्यंत नर की मादी ते कळत नाही. लांब लोंबत्या देठांवर फुलांचे घोस आले तर तो नर; मादीची फुलं खोडाला चिकटून येतात. आणि हो, नळाजवळचं ते केसाळ पानांचं काय आहे, त्याचा जवळून फोटो पाठव. पानाची मागची बाजूही दिसू दे.