चित्रफितीचा कालांक

चित्रफितीतील प्रत्येक चित्रास तास, मिनिट, सेकंद व क्रम दर्शविणारा अंक असतो; त्यास टाइमकोड म्हणतात. संकलक उच्च प्रतीच्या मूळ फितीची हलकी नक्कल काढून तीवर काटछाट करतो आणि मागाहून त्याच अंकांवरून मूळ फीत जोडली जाते. अंक हुकला तर वक्त्याचे वाक्य मध्येच तुटावयाचे!

अमेरिकेतील मोजणी मोठी चमत्कारिक आहे. १९५३ साली तेथे रंगीत दूरचित्रवाणीसाठी सेकंदास ३० चित्रांचा वेग घटवून सुमारे २९.९७ ठरला, पुढे अंक आले ते मात्र ३० च्या हिशेबाने. त्यामुळे तासाभरात १०८ अंकांची, म्हणजे ३.६ सेकंदांची तूट पडते. तोडगा असा, की दर मिनिटाच्या आरंभीचे दोन अंक वगळावयाचे. प्रत्येक दहावे मिनिट तेवढे सोडावयाचे. विद्यार्थ्यांनी ५४ गुणिले २ करून पाहावे. येथे गळतात ते अंक, चित्रे नव्हेत.

मूळ फीत २४ चित्रांची असल्यास नकलेत चारांची पाच होतात. तिचाही वेग त्याच प्रमाणात घटविलेला असेल, तर अंक न वगळता प्रत्येक सेकंदाचा आरंभ दोहोंकडे जुळतो. अशा कामी न वगळणेच आम्हांस श्रेयस्कर वाटते. आपल्या देशात २५ चित्रांची पद्धत असल्याने ही वजाबाकी करावी लागत नाही.