द्राक्षवेलीवरील केवडा आणि भुरी : ओळख व उपाय

आमच्या जुन्नर तालुक्यांत द्राक्षांची लागवड पुष्कळ आहे. आंबेगांवांतहि कांहीं गांवीं बागा आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेल फुटतो, आणि त्याच सुमारास परतीचा पाऊस, धुकें व दंव यांची गांठ पडते. या दिवसांत केवडा (यास हल्लीं बागेंत 'डाऊनी' म्हणतात) व भुरी हे दोन रोग येतात. दोहोंचा रंग पांढरा, म्हणून पुष्कळ बागाईतदार त्यांची गल्लत करितात. औषधें मात्र अगदीं निराळीं आहेत.

ही चूक आम्हीं स्वतः केलेली आहे. सन २००९ च्या नोव्हेंबरांत 'फयान' वादळाचा पाऊस झाला. तेव्हां आम्ही नोकरींत होतों व बाग सुटीच्या दिवशींच पाहणें होई. पानांवर पांढरें दिसलें, एका दुकानदारानें भुरी म्हटलें, आणि आम्हीं गंधक धुरळलें. आठ-दहा दिवसांत घड वाळून गेले. तो केवडा होता. कचेरींत दुसऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे उतरून घेतांना स्वतःच्या बागेचें नांव काढण्यास तोंड राहिलें नाहीं.

केवड्यांत प्रथम पानाच्या वरच्या अंगास तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट ठिपका दिसतो. तेंच पान सकाळीं दंव उडण्यापूर्वीं उलटून पाहावें. ठिपक्याच्या बरोबर खालीं पांढरी लव आढळते. भुरी राखेसारखी असून पानाच्या वरच्या अंगासहि येते व बोटानें पुसली जाते. भुरी पडलेले मणी वाढतां वाढतां तडकतात. केवड्यास पान ओलें राहावें लागतें. भुरीस ढगाळ हवा व दाट सावली पुरते. शंका राहिल्यास ठिपक्याचें पान ओल्या फडक्यांत रात्रभर झांकून ठेवावें. केवडा असल्यास सकाळीं लव उठते.

केवड्यावर बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्यें वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत; त्या वेली रोगांतून वांचल्या हें मिलार्डे या अध्यापकानें पाहिलें व १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. चोरांच्या भीतीनें शेतकऱ्याचें असें कल्याण क्वचितच झालें असेल. शेंकडा एक प्रमाणासाठीं मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १०० लिटर घ्यावें. कोंवळ्या फुटीवर निम्में बळ पुरे. दोन्ही द्रव्यें लाकडी वा प्लास्टिकच्या भांड्यांत निरनिराळीं कालवून मोरचुदाचें पाणी चुन्याच्या पाण्यांत ढवळीत ओतावें. स्वच्छ विळा त्यांत क्षणभर बुडवावा. तांबूस पुट चढल्यास चुना कमी आहे, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें व फुलोऱ्यांत मारूं नये. हें औषध रोग येण्यापूर्वीं मारावयाचें. पानांत शिरलेला रोग त्यानें निघत नाहीं. त्यासाठीं नवीं औषधें आहेत, पण एकच फिरफिरून मारल्यास रोग त्यास दाद देईनासा होतो. कोणतें केव्हां घ्यावें हें दुकानापेक्षां मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रास वा नारायणगांवच्या कृषि विज्ञान केंद्रास विचारावें.

भुरीस गंधकच. पाण्यांत मिसळणारें गंधक लिटरास २ ग्रॅम घ्यावें. कडक उन्हांत फवारल्यास पानें करपतात. फेलफुटी वेळेवर काढून वेलींत वारा खेळता ठेवावा. खुडलेलीं रोगट पानें बांधावर न टाकतां खड्ड्यांत पुरावीं.