सोडा बेचव का लागला?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. मराठीत लिहायचं म्हटलं की घाम फुटतो, चुकलं तर सांभाळून घ्या. पण एका गोळीने मला दोनदा विचारात पाडलं, म्हणून हे लिहितोय.

लडाखला जाण्याआधी डॉक्टरांनी डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड दिली होती. उंचीचा त्रास झाला नाही, पण बोटांना मुंग्या आल्या आणि लेहमध्ये कोल्ड्रिंक अगदी बेचव लागलं. असं का? आपल्या शरीरात कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम असतं. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून ते बायकार्बोनेट बनवतं, तेही प्रचंड वेगाने. त्याच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू असतो. गोळी नेमकी त्या जस्ताला जाऊन चिकटते आणि काम थांबतं. सोड्याची चव जिभेला कळते तीही याच एन्झाइममुळे!

दुसरा प्रसंग आजोबांचा. ऑपरेशननंतर त्यांना इन्फेक्शन झालं. कल्चर रिपोर्टमध्ये एन्टेरोकॉकस हा जंतू, आणि औषधांच्या नावांपुढे आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट. व्हँकोमायसिनपुढेसुद्धा आर. बाबा तो कागद कितीतरी वेळ घडी घालत आणि उघडत बसले होते. शेवटी लिनेझोलिडने गुण आला.

आता गंमत पाहा. जंतूंवरची सल्फा औषधे १९३० च्या दशकात आली. त्यातलं सल्फॅनिलामाइड कार्बोनिक अनहायड्रेज बंद पाडतं, हे १९४० मध्ये मान आणि केलिन यांनी दाखवलं. त्या धाग्यावरून पुढे ॲसिटाझोलामाइड तयार झालं, आणि ते काचबिंदूसाठी वापरात आलं. म्हणजे जंतूंच्या औषधातून डोळ्याचं औषध निघालं. आता ते पुन्हा जंतूंकडे वळलं आहे, कारण हे एन्झाइम जंतूंनाही लागतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी व्हँकोमायसिनला न जुमानणाऱ्या एन्टेरोकॉकसवर ते वापरलं. वाढ थांबायला मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम पुरले. रेणूत बदल केल्यावर एका संयुगाला ०.००७ च पुरले!

पण लगेच टाळ्या नकोत. काही जंतूंना भरपूर कार्बन डायऑक्साइड मिळाला, तर या एन्झाइमवाचूनही त्यांचं भागतं, आणि शरीरात हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा खूपच जास्त असतो. शिवाय आपलं एन्झाइम सोडून फक्त जंतूचंच बंद करायचं, हे खरं इंजिनिअरिंग. त्यामुळे असल्या इन्फेक्शनवर ही गोळी मनाने घेण्याची नाही.

आपल्या होस्टेलमध्ये काय चालतं? ताप आला की रूममेटच्या डब्यातली उरलेली अँटिबायोटिक, दोन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की बंद. मीही हेच करायचो. तो रिपोर्ट पाहिल्यापासून सोडलं. नवीन औषध यायला कित्येक वर्षं लागतात, जुनं निकामी करायला आपण सगळे पुरेसे आहोत. तेव्हा मित्रांनो, तो डबा आज एकदा उघडून बघा.