‘बनगरवाडी’तील समूहजीवन आणि स्थलांतर

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचा शेवट दुष्काळाने ओस पडलेल्या वाडीत होतो. हा समूहजीवनाचा पराभव होय, असे सहज वाटते. परंतु कादंबरीतील तपशील या निष्कर्षाला पुरेशी पुष्टी देत नाहीत. औंध संस्थानातील ही वस्ती मुख्यतः धनगरांची. मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्यांच्या लेखी स्थलांतर ही जगण्याची परिचित रीत असते. शेकूला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको जुवाला खांदा देते. यात शौर्याचा आव नाही, हंगाम चुकू नये एवढीच निकड आहे. वाडीचा चिवटपणा आहे तो या अशा कृतींत.

तालमीचे तसे नाही. तिची कल्पना राजाराम सौंदणीकर या तरुण मास्तरांची, श्रम मात्र साऱ्या वाडीचे; खुद्द राजेसाहेब ती पाहावयास येतात. पुढे दुष्काळात ही देखणी वास्तू कोणाच्याच उपयोगी पडत नाही. निवेदक मास्तरच आहेत, हे येथे विसरता येत नाही. ते बाहेरून आलेले, पगारी नोकर. मुलांवाचून शाळा उरत नाही, म्हणून त्यांना ओस वाडी हा शेवट वाटतो. मेंढरे घेऊन निघालेल्यांना तो तसाच वाटला काय, याविषयी कादंबरी मौन पाळते.