न हटणारी खाज, न लागणारी गाठ

प्रश्न : वय ५२. चार महिन्यांपासून उजव्या स्तनाग्रावर खाज आणि खपल्या आहेत. इसबाचे मलम लावले की बरे वाटते, मग पुन्हा तेच. गाठ लागत नाही. तुकडा काढला तर रोग पसरतो म्हणतात. काय करू?
— एक वाचक, अकोट (जि. अकोला)

उत्तर : ताई, हा साधा इसबही असू शकतो, पण गाठ नाही म्हणजे कर्करोग नाही, असे मात्र धरून चालू नका. इंग्रज शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेला दुर्मीळ स्तनकर्करोग हुबेहूब इसबासारखा दिसतो. इसब बहुधा दोन्ही बाजूंना होतो. हा आजार सहसा एकाच स्तनाग्रावर सुरू होऊन भोवतालच्या काळसर भागात सरकतो. स्टेरॉइडच्या मलमाने तोही काही दिवस दबतो, त्यामुळे तात्पुरता आराम हा निर्धास्त होण्याचा पुरावा नव्हे. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी कराच, पण त्या निर्दोष आल्या तरी निदान बायोप्सीनेच पक्के होते. जागा बधिर करून त्वचेचा बारीक तुकडा घेतात. त्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे, धोका आहे तो उशिराचा. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात शल्यचिकित्सकांना याच आठवड्यात दाखवा. स्तन लाल, गरम होऊन कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर तो नुसता संसर्ग समजून प्रतिजैविके घेत थांबू नका, लगेच जा.