तोंडी ‘हो’ म्हणू नकोस गं

अगं, विमानतळावरचे जुने सरकते जिने बदलायच्या कामात ‘एक्स्ट्रा आयटम’चं, म्हणजे मूळ करारात नसलेल्या वाढीव कामांचं, टेबल तुझ्या गळ्यात पडलं म्हणून हिरमुसलीस ना? बाकीचे साइटवर जिना बसवणार आणि मी पत्रं लिहीत बसणार, असं तुला वाटतंय. पण ऐक, या कामाचा खरा जीव तुझ्याच टेबलावर आहे.

जुन्या जिन्याचं आवरण निघेपर्यंत आत काय वाढून ठेवलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. खालच्या पिटमध्ये पाणी साठलेलं असतं, ड्रॉइंगमध्ये नसलेली केबल सांगाड्याला चिकटून गेलेली असते. मधल्या काळात कुणी जुन्या फरशीवर नवी चढवलेली असली, तर जिन्याच्या तोंडाची दातेरी पट्टी आणि ग्रॅनाइट एका पातळीत येत नाहीत. नेमकं तिथेच बॅगेचं चाक अडकतं आणि मागचा माणूस अंगावर येतो. म्हणजे बदल होणारच. तो झाला म्हणून कुणाची नाचक्की होत नाही. नाचक्की होते ती तो तोंडी राहिला म्हणून.

‘दोनच रात्री वाढतील, मॅडम,’ असं कुणी म्हणालं की कान टवकार. आपल्या मुंबईत परदेशी विमानांची झुंबड मध्यरात्रीनंतरच असते, त्यामुळे टर्मिनलमधली रात्र म्हणजे मोकळा वेळ नव्हे. धावपट्टीलासुद्धा डागडुजीची सुट्टी मिळते. १७ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. पण ते खूप आधी जाहीर झालेलं होतं आणि विमान कंपन्यांनी वेळापत्रक तसं बसवलं होतं. टर्मिनलला अशी सुट्टी नाही. तिथे दोन रात्री वाढल्या की कामगारांचे पास वाढवा, आत-बाहेर जाणाऱ्या हत्यारांची यादी सीआयएसएफकडे पुन्हा द्या, बॅरिकेड हलवा, आणि शेजारच्या लिफ्टसमोर व्हीलचेअरवाल्यांची रांग लागली तर तिचीही सोय बघा.

म्हणून प्रत्येक बदलाला तीन प्रश्न विचार: पैसे किती, दिवस किती, आणि तेवढे दिवस प्रवासी कुठून जाणार? तिसरा प्रश्न सगळे विसरतात. तो तू विसरू नकोस.

काही निघालं की त्याच दिवशी टेप लावून फोटो काढ आणि साइट ऑर्डर बुकात नोंद कर. काम अडलं असेल तर हिंडरन्स रजिस्टरमध्ये तारीख टाक. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी कंत्राटदाराबरोबर मोजून दोघांच्या सह्या घे, कारण ग्रॅनाइट बसल्यावर खालचं काँक्रीट कुणी मोजत नाही. साहेब चालता चालता ‘करून टाका’ म्हणाले, तर संध्याकाळच्या आत ‘आपल्या आजच्या सूचनेनुसार’ अशी दोन ओळींची मेल धाड. आणि करारातली नोटिशीची मुदत पाठ कर. फिडिकच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नमुन्याच्या, करारात कंत्राटदाराने घटना कळल्यापासून २८ दिवसांत दाव्याची नोटीस द्यायची असते. नोटीस आली की ती फायलीत घालून विसरू नकोस, लगेच उत्तर दे.

धोका समोर असेल तर मात्र सगळ्या कागदांसाठी काम थांबवू नकोस. खर्चाची मर्यादा घालून लेखी परवानगी घे, काम सुरू कर आणि दराचं विश्लेषण मागाहून पक्कं कर.

‘नाही’ म्हणायलाही शीक. ‘जिना उघडलाच आहे, तर वरचे दिवेही बदलून घेऊ’ असं कुणीतरी म्हणणारच. ते वेगळं काम, त्याला वेगळी मंजुरी. कंत्राटदाराने स्वतःची चूक ‘बदल’ म्हणून पाठवली, तर नम्रपणे परत कर. ‘हे मॉडेल मिळत नाही, दुसरं घेऊ’ असं म्हणाला, तर आधी परवानगीची कागदपत्रं काढून बघ. महाराष्ट्रात लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी २०१७ चा कायदा आहे, बसवायला परवानगी आणि चालवायला परवाना लागतो. कागदावर एक आणि जागेवर दुसरंच असं झालं, तर तयार जिनाही उभाच राहील.

आणखी एक गुपित सांगते. पहिला जिना उघडल्यावर जे निघतं, ते पुढच्या जिन्यांतही बहुधा निघतं. पहिल्याची यादी नीट ठेवलीस, तर दुसऱ्याच्या वेळी तीच गोष्ट ‘अचानक’ उरत नाही. खर्चाचा अंदाज आणि रात्रींचं वेळापत्रक आधीच सुधारता येतं.

कुणी ‘एवढा अविश्वास?’ म्हणालं तर रागावू नकोस आणि घाबरूही नकोस. हसून सांग, ‘सर, लगेच करते, फक्त एक ओळ लिहून द्या.’ ती ओळ हातात आल्याशिवाय मात्र कुणालाही हातोडा उचलू देऊ नकोस.