शोधयंत्राची गोपनीयता : वचन आणि पडताळणी

गिरगावातील खोताची वाडी ही मुंबईच्या जुन्या वस्त्यांपैकी एक. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखली जाणारी ही वस्ती अरुंद गल्ल्या, लाकडी जिने आणि गल्लीकडे उघडणारे व्हरांडे यांसाठी प्रसिद्ध आहे. महानगराच्या अफाट लोकवस्तीत येथील घरे मात्र मोजकीच आहेत.

समजा, या वाडीतील एका रहिवाशाने संगणकावर 'खोताच्या वाडीजवळ क्षयरोग तपासणी केंद्र' असा शोध घेतला. या प्रश्नात त्याचे नाव नाही, घरक्रमांक नाही. तथापि 'खोताची वाडी' या दोन शब्दांनी शोधकर्त्याचा परिसर साऱ्या मुंबईवरून दोनचार गल्ल्यांवर आणून ठेवला. त्याच संगणकावरून दुसऱ्या दिवशी एखाद्या शाळेच्या प्रवेशाची चौकशी झाली, तिसऱ्या दिवशी एखाद्या बँकेच्या थकलेल्या कर्जाविषयी विचारणा झाली आणि हे तिन्ही प्रश्न एका नोंदीखाली जमा झाले, तर विचारणारा कोण हे ओळखण्यास फारसे सायास पडणार नाहीत. चाळीस उंबऱ्यांच्या एखाद्या पाड्याबाबत तर हे काम आणखी सोपे होईल. वस्ती जितकी लहान, तितकी ओळख लवकर पटते. ग्रामीण भागात काम करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेषत्वाने ध्यानी घ्यावयास हवी.

नाव वगळणे पुरेसे नाही

हा धोका केवळ काल्पनिक नाही. ऑगस्ट 2006 मध्ये अमेरिकेतील एओएल या कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे 6 लाख 50 हजार वापरकर्त्यांचे सुमारे 2 कोटी शोधप्रश्न प्रसिद्ध केले. नावांच्या जागी केवळ क्रमांक घातले होते. असे असूनही 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहरांनी काही दिवसांतच एका क्रमांकामागील वृद्ध महिलेचा माग काढला. गावाचा उल्लेख, आडनावे आणि प्रकृतीविषयीचे प्रश्न एवढेच धागे त्यांना पुरेसे झाले. कंपनीने ती माहिती मागे घेतली, परंतु तोवर तिच्या प्रती सर्वत्र पोहोचल्या होत्या.

यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. 'आम्ही नाव साठवत नाही' एवढ्या आश्वासनावर समाधान मानता येत नाही. एका व्यक्तीचे निरनिराळे प्रश्न एकत्र गुंफणारी नोंद मुळात तयार होते की नाही, हा खरा प्रश्न होय.

कायद्याची चौकट

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम 2023 मध्ये संमत केला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याची योजना आहे. भारतातील व्यक्तींना सेवा देणाऱ्या परदेशी संस्थांनाही हा अधिनियम लागू होतो. मात्र कायदा दोषाची दखल घेतो ती बहुधा दोष घडल्यानंतर. साधन निवडतानाचा विवेक नागरिकालाच दाखवावा लागतो.

मूल्यमापनाचे चार प्रश्न

प्रचलित शोधयंत्रांना पर्याय म्हणून गोपनीयतेची हमी देणारी काही यंत्रे उपलब्ध आहेत. अमेरिकेतील डकडकगो 2008 मध्ये सुरू झाले. नेदरलँड्समधील स्टार्टपेज आपला प्रश्न ओळखीच्या खुणा काढून गूगलकडे पाठविते आणि आलेली उत्तरे आपल्यापुढे ठेवते. अशा कोणत्याही यंत्राची परीक्षा पुढील चार प्रश्नांनी करावी.

पहिला प्रश्न : कशाची नोंद राहते? शोधलेले शब्द, वेळ आणि संगणकाचा आयपी पत्ता या तीन गोष्टी एकत्र साठविल्या जातात काय, आणि किती काळ, हे संस्थेच्या गोपनीयता धोरणात पाहावे. 'आवश्यक तेवढी माहिती' यासारखी मोघम भाषा आढळल्यास सावध व्हावे.

दुसरा प्रश्न : उत्पन्न कशातून होते? जाहिरात दिसते एवढ्यावरून यंत्र सदोष ठरत नाही. 'गिरगावातील खानावळ' असे शोधले असता गिरगावातल्या खानावळीची जाहिरात दाखविण्यास केवळ समोरचे शब्द पुरतात. शोधकर्त्याचा पूर्वेतिहास साठविण्याची गरज नसते. आज क्षयरोगाविषयी विचारले आणि आठवडाभर भलत्याच पानांवर औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या, तर मात्र कोणीतरी आपली नोंद ठेवीत आहे असे समजावे.

तिसरा प्रश्न : प्रश्न आणखी कोणाकडे जातो, आणि संस्थेचा मालक कोण? अनेक लहान यंत्रांची उत्तरे मोठ्या कंपन्यांकडून येतात. डकडकगोची बरीचशी उत्तरे मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून मिळतात. स्टार्टपेजमध्ये 2019 साली जाहिरात क्षेत्रातील सिस्टम1 या कंपनीशी संबंधित समूहाने गुंतवणूक केली, तेव्हा गोपनीयतेच्या पुरस्कर्त्यांनी खुलासा मागितला. अशी भागीदारी म्हणजे गैरव्यवहार नव्हे. परंतु ती उघड सांगितली गेली पाहिजे.

चौथा प्रश्न : पडताळणी कोणी केली? स्टार्टपेजच्या पूर्वसुरी असलेल्या इक्सक्विक या यंत्राला 2008 मध्ये युरोपीय गोपनीयता मुद्रा मिळाली होती. बाहेरच्या संस्थेने केलेली अशी तपासणी स्वतःच दिलेल्या ग्वाहीपेक्षा अधिक मोलाची असते.

2022 मधील बोधप्रद प्रकरण

मे 2022 मध्ये एका स्वतंत्र संशोधकाने असे दाखवून दिले की, डकडकगोने मोबाईलसाठी तयार केलेल्या ब्राउझरमध्ये इतर संकेतस्थळांवरील मायक्रोसॉफ्टच्या काही माग काढणाऱ्या आज्ञावलींना अटकाव होत नव्हता. मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारामुळे ही मर्यादा पडल्याचे संस्थेच्या प्रमुखांनी मान्य केले. ऑगस्ट 2022 मध्ये संस्थेने हा अटकाव वाढविल्याचे जाहीर केले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. हा दोष ब्राउझरचा होता, शोधयंत्राचा नव्हे. एकाच नावाखालील दोन साधनांची परीक्षा म्हणूनच निरनिराळी करावी. दुसरे असे की, दोष संस्थेने आपण होऊन सांगितला नाही. तो बाहेरच्या परीक्षकाला सापडला. निर्दोषपणाचा दावा कोणीही करू शकतो. चूक उघडकीस आल्यावर संस्था ती लपविते की सुधारते, यावरून तिची विश्वासार्हता ठरवावी.

यंत्राच्या पलीकडील मर्यादा

सर्वोत्तम शोधयंत्रही सर्व बाजूंनी संरक्षण देऊ शकत नाही. उत्तरांपैकी एखाद्या दुव्यावर गेल्यावर तेथील संकेतस्थळाचे नियम लागू होतात. आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस सामान्यतः कळू शकते. ब्राउझरची 'गुप्त' खिडकी त्या संगणकावरील इतिहास पुसते. कार्यालयाच्या जाळ्यावरील नोंद ती पुसू शकत नाही. शिवाय अशी सेवा अखंड मिळेलच असेही नाही. जुलै 2020 च्या आरंभी काही दिवस भारतातील अनेक ग्राहकांना डकडकगो उघडता आले नव्हते.

शाळा आणि पंचायतींसाठी

शाळेतील संगणक कक्ष, ग्रंथालय अथवा ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्र येथे एकच संगणक अनेकजण वापरतात. शोधलेले शब्द ब्राउझरच्या इतिहासात राहतात आणि पुढे येणाऱ्याच्या नजरेस पडतात. सबब प्रत्येक व्यक्तीचे काम संपताच तिचे खाते बंद करणे, ब्राउझरमधील इतिहास व कुकी पुसणे आणि निवडलेले शोधयंत्र मूळ पसंती म्हणून नेमणे, ही तीन कामे नित्याची करावीत. त्यांना खर्च येत नाही.

शिक्षकांनी वरच्या वर्गात एक पाठ याच विषयावर घ्यावा. दोन शोधयंत्रांची गोपनीयता धोरणे फळ्यावर चार रकान्यांत मांडून विद्यार्थ्यांकडून त्यांची तुलना करवून घ्यावी. त्याचबरोबर आपल्या गावाविषयीचा एखादा प्रश्न मराठीत दोन्हीकडे शोधून उत्तरांचा दर्जाही पाहावा. उत्तरे निरुपयोगी असतील, तर लोक ते यंत्र फार दिवस वापरणार नाहीत.

क्षयरोग, कर्ज, घरगुती छळ, जमिनीचा तंटा अशा विषयांवरील माहिती मनुष्य बहुधा अडचणीच्या वेळी शोधतो. आपला प्रश्न चारचौघांत फुटेल या भीतीने त्याने तो विचारलाच नाही, तर उपचार लांबतो आणि शासनाची योजना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. माहिती मागणाऱ्याचा खाजगीपणा जपणे हा म्हणूनच लोकशिक्षणाचा आणि लोककल्याणाचा एक आवश्यक भाग मानला पाहिजे.